यायचं राहिलेलं माणूस

“या घरातलं कुणी यायचं राहिलंय का?”

ला बेद्दू नावाच्या घरमिस्त्रीने जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून मोठ्याने विचारलं. त्याच्यामागे गावातले झाडून सगळे पुरुष जमले होते. घराच्या खांबांना आडवे-उभे बांबू आवळून झाले होते आणि माणसांनी आपापल्या जागा धरल्या होत्या. कुणी लुंगी खोचत होतं, कुणी तळहातावर थुंकून हात चोळत होतं. आता घरमालकिणीने वरून फक्त ‘नाही’ म्हणायचं, की सगळ्यांनी एका दमात घर खांद्यावर घ्यायचं आणि चालू लागायचं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर इंदो मन्सूर उभी होती. अंगाने काडी, पण ताठ.

“हो,” ती म्हणाली. “माझा मन्सूर यायचाय.”

ला बेद्दूने मान खाली घातली. बांबूंवरचे हात सुटले. कुणी चिडलं नाही, कुणी वादही घातला नाही. मागून एकजण म्हणाला, “चला, जेवण तरी होईल,” आणि हशा पिकला. बायकांनी शिजवलेला चिकट भात, मासे आणि काळी कॉफी तयारच होती. माणसं चटया पसरून बसली.

ज्यांच्या जमिनीवर ते घर उभं होतं, त्या हाजी लातांग यांनी कपाळावर हात मारला. “बघितलंत, पाक अनंता? मागच्या वर्षीही हेच. घर जागचं हललं नाही आणि माझी दोन बकरी मात्र गेली!”

पाक म्हणजे तिकडे राव. मी अनंत तोडणकर, रत्नागिरीचा, कोळंबीच्या तळ्यांचा तंत्रज्ञ. खेड्यापाड्यांत मोबाईल पोचायच्या आधीची ही गोष्ट. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, खाडीच्या मुखाशी पालांगे नावाचं गाव होतं आणि हाजींनी तिथली आपली तळी वाढवायला मला बोलावून घेतलं होतं. नवं तळं जिथे खणायचं, नेमकं तिथेच इंदो मन्सूरचं घर उभं होतं.

आपल्याकडे बिऱ्हाड हलवतात, तिथे घरच हलवतात. घर लाकडाचं, उंच खांबांवर उभं, आणि खांब जमिनीत पुरलेले नसतात, चपट्या दगडांवर नुसते टेकलेले असतात. जमीन एकाची, वरचं घर दुसऱ्याचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. जमीनवाल्याला जागा हवी झाली की तो दुसरीकडे जागा देतो आणि गाव घर उचलून तिकडे नेऊन ठेवतो. हाजींनी मशिदीमागची उंचावरची चांगली जागा देऊ केली होती. माणूस वाईट नव्हता. नुसता कुरकुऱ्या होता.

अडचण जमिनीची नव्हतीच. त्या घरांना मधोमध एक खांब असतो, त्याला ते घराची नाभी म्हणतात. पालांगेत घरातलं कुणी लांब समुद्रावर निघालं, की त्या खांबाला हात लावून निघायचं आणि त्याची आई त्या खांबाला काथ्याची एक गाठ मारायची. माणूस परत आलं की त्याने ती गाठ स्वतःच्या हाताने सोडायची. गाठ असेपर्यंत घर हलवायचं नाही, कारण येणारा त्याच जागी येणार. आणि तरीही मालकिणीने घर हलवू दिलं, तर गाव त्याचा एकच अर्थ घेई: ते माणूस आता यायचं नाही.

मन्सूर आठ वर्षांपूर्वी लाकडं वाहणाऱ्या गलबतावर बोर्निओला निघाला होता. ते गलबत तिकडे पोचलं नाही आणि इकडे परतलंही नाही. मागे राहिली म्हातारी आई आणि दोन वर्षं संसार केलेली बायको, हस्ना. मूलबाळ नव्हतं.

मी त्याच घरात राहत होतो. तळ्यांना सगळ्यांत जवळचं घर ते, म्हणून हाजींनी पुढची खोली मला भाड्याने घेऊन दिली होती. तिकडे पहिलं मूल झालं की आईचं स्वतःचं नाव मागे पडतं. इंदो मन्सूर म्हणजे मन्सूरची आई. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिला सरळ ‘मावशी’ म्हणायचो. शब्द तिला समजत नव्हता, पण ती ओ द्यायची. मासळीच्या कालवणात मी कोकम नाही म्हणून तोंड वाकडं करायचो, तर ती चिंचेसारखं काहीतरी आंबट त्यात पिळून म्हणायची, “खा गुपचूप. तुझ्या आईने बिघडवून ठेवलाय तुला.”

रोज दिवेलागणीला ती खाडीच्या बाजूच्या खांबाला कंदील टांगायची. होडी मुखातून आत वळली की पहिला हाच दिवा दिसे. हस्ना त्याच्याखाली पायरीवर बसून नारळाच्या पात्यांची झापं विणायची. हात कामात, डोळे खाडीकडे. कुठल्याही होडीचा आवाज आला की दोघी एकदम गप्प व्हायच्या, आणि होडी पुढे गेली की म्हातारी म्हणायची, “वारा पडलाय. उद्या येईल.” हस्ना म्हणायची, “हो, उद्या.”

मला खरं सांगायचं तर म्हातारीचा राग यायचा. मुलगा गेला हे उघड होतं. इमामसाहेबांनीही केव्हाच सांगून टाकलं होतं, की इतक्या वर्षांनी हस्ना मोकळी आहे. पण ज्या घराची मालकीण भर गावात ‘माणूस यायचंय’ म्हणते, त्या घरात मागणी घालायला जाणार कोण?

जाऊ पाहणारा एकजण होता. बहारुद्दीन. तळ्यांचे पंप आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. घराखालच्या सावलीत बसून तो तासन्तास माझा एकच पंप उघडायचा आणि मिटायचा. पंपाला काहीही झालेलं नसायचं.

“वर का येत नाहीस? कॉफी तरी घे,” मी एकदा म्हटलं.

“खालीच बरा आहे, पाक.”

“अरे, जिना आहे की चढायला.”

“जिना आहे. पण घराला नवराही आहे.”

“तो मेलाय, बहार. सगळ्यांना माहीत आहे.”

त्याने नट घट्ट केला. “मला माहीत असून काय उपयोग? वरच्या दोघींना कुठे माहीत आहे?”

हस्नालाही मी विचारून पाहिलं. म्हातारी बाजारात गेली होती आणि ती झापांची चवड लावत होती.

“तुला काय वाटतं हस्ना, येईल तो?”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. “आईंना वाटतं ना? मग येईल.”

“आणि तुला?”

“पाक अनंता, तुमची कोळंबी कशी आहे?” एवढं विचारून तिने विषयच मिटवला.

यानंतरची ती दुपार मला लख्ख आठवते. ओहोटी लागली होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि मी ओसरीवर पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण पुसत बसलो होतो. समोर म्हातारी हस्नाची वेणी घालत होती. हस्नाचे केस लांबसडक, जमिनीला टेकणारे. म्हातारी विंचरता विंचरता कुणाच्या तरी सुनेची खोडी काढत होती आणि हस्ना हसत होती. मग फणी थांबली.

हस्ना म्हणाली, “काय झालं?”

“ऊ,” म्हातारी म्हणाली. तिने काहीतरी चिमटीत धरून उपटलं आणि बांबूच्या फटीतून खाली टाकून दिलं. पुन्हा विंचरायला लागली. पण आता ती बोलत नव्हती. वेणी झाल्यावरही तिचा हात किती तरी वेळ सुनेच्या डोक्यावर तसाच होता.

संध्याकाळी तिने कंदील टांगला, जिना उतरून माझ्यामागून तळ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “हाजींना सांग, माणसं बोलवा.”

मी थट्टा केली. “पुन्हा जेवण घालायचंय का गावाला?”

“बोलवा म्हण. आणि हस्नाला आताच काही सांगू नकोस.”

हाजींना वाटलं, हे माझंच कसब. त्यांनी माझी पाठ थोपटली. मलाही वाटलं, इतके दिवस मी उंच जागेचे, पक्क्या रस्त्याचे गोडवे गात होतो ते अखेर लागू पडले. आपण समजावलं की माणसं समजतात, असं त्या वयात वाटतंच.

ठरल्या दिवशी पुन्हा बांबू आवळले गेले, पुन्हा भात शिजला. या खेपेला माणसं जरा सैलच उभी होती. उत्तर ठाऊक होतं ना! हस्नाही निवांत होती. तिने नेहमीसारखी भांडी बांधून खाली आणली होती. ती पुन्हा वर न्यायचीच आहेत, या हिशेबाने फार नीट बांधलीही नव्हती. बहार नाभीच्या खांबाशेजारच्या बांबूपाशी होता.

ला बेद्दूने हाक दिली, “या घरातलं कुणी यायचं राहिलंय का?”

वरच्या पायरीवरून म्हातारी म्हणाली, “नाही.”

कुणी हललं नाही. कुणाला ऐकू आलंय असं वाटेना. ला बेद्दूने मान वर केली. “इंदो मन्सूर, मी काय विचारलं ते...”

“ऐकलं मी. कुणी यायचं राहिलेलं नाही.”

ती वळून आत गेली. मी जिन्यावर होतो, मला आतलं दिसत होतं. ती नाभीच्या खांबापुढे गुडघ्यावर बसली आणि गाठ सोडू लागली. आठ पावसाळ्यांत तो काथ्या लाकडासारखा झाला होता. तिची नखं त्यात शिरेनात. ला बेद्दू वर आला आणि त्याने कोयता पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला. मग तिने खांबाला तोंड लावलं आणि दातांनी गाठ ओढायला सुरुवात केली. सगळं गाव खाली गप्प उभं होतं आणि वर ती एक म्हातारी दातांनी गाठ सोडत होती. मला ते बघवेना. हिरडीतून रक्त आलं, पण गाठ सुटली.

“आई!” हस्ना जिना चढून धावत आली. “काय करताय? काय म्हणालात तुम्ही खाली?”

“जे आहे ते.”

“माझा नवरा आहे तो!”

म्हातारीने काथ्या मुठीत धरला आणि उठून उभी राहिली. “होता,” ती म्हणाली.

हस्ना तिच्याकडे बघतच राहिली. मग ती खाली उतरली आणि घराखाली, खांबांच्या मध्ये, मातीत फतकल मारून बसली. बायकांनी तिला उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. ला बेद्दूने म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, “उचला.”

घर उचललं गेलं. खांब दगडांवरून सुटले तेव्हा लाकूड मोठ्याने करकरलं. माणसांनी ताल धरला आणि घर हस्नाच्या डोक्यावरून हळूहळू सरकू लागलं. तिच्यावरची सावली गेली आणि ऊन आलं. बहारच्या खांद्यावर बांबू होता. तो मान वळवून वळवून मागे बघत होता, पण बांबू सोडता येत नव्हता. रिकाम्या दगडांच्या मधोमध ती एकटी बसून राहिली.

मशिदीमागे पोचल्यावर ला बेद्दूने विचारलं, “जिना खाडीकडेच करू ना?”

“डोंगराकडे करा,” म्हातारी म्हणाली.

त्या दिवसापासून हस्नाने सासूशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पाणी आणायची, झापं विणायची, पण तोंडातून शब्द नाही. नव्या जागी म्हातारीने कंदीलही टांगला नाही. हस्ना रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खुंटीकडे बघायची आणि आत निघून जायची. एकदा मला म्हणाली, “दगड आहे ती बाई. आठ वर्षं मी उगाच तिला आई म्हटलं.” मीही मनातून हस्नाच्याच बाजूचा होतो. सांगायचंच होतं, तर हळू सांगता आलं असतं. भर गावात, असं?

गावालाही म्हातारीशी कसं वागावं ते कळेना. दुकानदार तिला हाक मारताना ‘इंदो’पर्यंत येऊन अडखळला. तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं, “इंदो मन्सूरच म्हणायचं. मुलगा गेला म्हणून मी त्याची आई नाही का?”

दोन महिन्यांत बहार जिना चढून वर आला. म्हातारीने त्याला कॉफी दिली, मागणी ऐकली आणि हो म्हणाली. हस्ना आतून काहीच बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. लग्न साधंच झालं. बहारला बोर्निओतल्या एका बंदरावर इंजिनांचं काम मिळालं होतं. आठवड्याभरात दोघं निघाली.

निघायच्या सकाळी म्हातारी नाभीच्या खांबापाशी हातात नवा काथ्या घेऊन उभी होती. हस्ना समुद्रावर निघाली होती. तिने खांबाला हात लावायचा आणि म्हातारीने गाठ मारायची, एवढंच राहिलं होतं. हस्ना बोचकं घेऊन आतून आली, काथ्याकडे बघितलं आणि खांबाला वळसा घालून सरळ जिना उतरून गेली. बहार मात्र थांबला. त्याने म्हातारीचा हात कपाळाला लावला आणि मग तो खाली पळाला.

म्हातारी काथ्या घेऊन तशीच उभी होती. मी म्हटलं, “मावशी, चल, धक्क्यावर जाऊ.”

“नको,” ती म्हणाली. “तिला मागे बघावं लागेल.”

त्याच दिवशी अमावास्येचं उधाण होतं आणि मला नव्या तळ्यात पाणी घ्यायचं होतं. तळं खणून तयार होतं. घराखालचे दगड मी काढून टाकले होते, फक्त नाभीच्या खांबाखालचा एक तळाशी ठेवला होता, कारण म्हातारीने तो राहू दे म्हटलं होतं. “जाळं अडकेल त्यात,” असं म्हणून हाजींनी कुरकुर केली होती.

मी माणसांना पुढे घरी पाठवलं आणि अंधारून यायच्या बेताला एकटाच उघाडीकडे गेलो. आमच्या कोकणातल्या खारजमिनीच्या बांधाला असते तशीच फळ्यांची उघाडी. फळ्या उचलल्या की भरती आत. पण तळ्यात उजेड दिसला. खाली कोरड्या तळाशी, त्या एका दगडावर, कंदील जळत होता. शेजारी इंदो मन्सूर बसली होती.

“मावशी! इथे काय करतेस? पाणी सोडायचंय मला.”

“माहीत आहे. आजचा शेवटचा म्हणून आले.”

“शेवटचा म्हणजे?”

“रोज येते मी,” ती म्हणाली. “बदकं बघायला म्हणून सांगते आणि टोपलीखाली कंदील घेऊन येते. हस्नाला दिसायला नको होतं.”

मी खाली उतरून तिच्याजवळ बसलो. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. “मग त्या दिवशी ‘नाही’ का म्हणालीस? तुला अजून वाटतं ना, तो येईल म्हणून?”

“तो पहिल्याच वर्षी गेला, पोरा. आईला कळतं. पण मी तसं म्हटलं असतं तर ही पोरगी काय करून घेईल अशी भीती वाटायची. म्हणून म्हणत राहिले, उद्या येईल. आणि ती माझ्यासाठी हो म्हणत राहिली. तिलाही कळलेलं होतं. मला ते माहीत होतं आणि तरी मला तिचं ते ‘हो’ हवं असायचं. घरात दुसरं कोण होतं माझं?” तिने कंदिलाची वात सारखी केली. “मग त्या दुपारी वेणी घालताना तिचा एक केस पांढरा दिसला. माझ्याजवळ बसून बसून पांढरा झालेला.”

मला ती चिमूट आठवली आणि बांबूच्या फटीतून खाली टाकलेलं ते काहीतरी.

“तिला हळू सांगता आलं असतं, मावशी.”

“हळू सांगितलं असतं तर मला एकटीला टाकून गेली नसती ती. चिडली म्हणून गेली.”

“मी तिला सांगतो. बहारच्या बंदरावर निरोप...”

“नाही.” तिने माझं मनगट धरलं. त्या काडीसारख्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. “तिला कळलं तर ती परत येईल. सांगणार नाहीस. म्हण.”

मी म्हटलं. आणि तो शब्द मी पाळला.

खाडी बांधाच्या पलीकडे भरत चालली होती. मी तिला हात देऊन बांधावर आणलं. कंदील तिने दगडावरून उचलून बरोबर घेतला होता. मी उघाडीच्या पहिल्या फळीला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, “हे पाणी कुठलं?”

“खाडीचं.”

“आणि खाडीत कुठून येतं?”

“समुद्रातून. भरतीबरोबर.”

“इथल्याच समुद्राचं? की लांबच्या समुद्राचंही?”

मी पाण्याचा तंत्रज्ञ होतो. “सगळं पाणी एकच असतं, मावशी. लांबचंही येतं.”

ती लुंगी खोचून बांधाच्या कडेला, आतल्या बाजूला, खाली उतरून बसली. कंदील शेजारी ठेवला.

“मग उघड,” ती म्हणाली.

मी फळी उचलली. पाणी फेसाळत आत शिरलं, तळाच्या चिखलावरून पसरत पसरत गेलं, त्या दगडाभोवती फिरलं आणि बघता बघता दगड दिसेनासा झाला. मग ते चढत चढत आमच्याकडे आलं. तिच्या पावलांपर्यंत पोचलं तेव्हा तिने कमरेचा तो जुना, दातांनी सोडलेला काथ्या काढला. वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि काथ्या सोडून दिला.

“आलास?” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ केली आणि उरलेल्या फळ्या उचलायला लागलो.